चोवीस गप्प मात्रा

आमच्या सरांना कोणी "काम कुठवर आलं?" असं विचारलं की ते "संपलंच" म्हणायचे. गेली एकतीस वर्षं ते संपतच होतं, आणि त्यातली एकोणीस वर्षं मी शेजारच्या टेबलावर बसून ते संपताना पाहिलं होतं. काम म्हणजे एका संगीतकाराच्या सगळ्या रचनांची सूची. माणूस जाऊन दीडशे वर्षं झाली. रोमँटिक काळातला, म्हणजे उसासे, वादळं, चांदणं आणि भयानक अक्षर. त्यानं लिहिलेला कपटा न कपटा शोधायचा, तो काय आहे ते ठरवायचं, त्याला क्रमांक द्यायचा आणि पुढे कोणी शंका काढलीच तर भांडायला तयार राहायचं. यातलं शेवटचं काम सरांना फार आवडायचं.

आकडा चारशे बारावर येऊन थांबला होता. बुधवारी सकाळी दहाला छपाई सुरू व्हायची होती. सरांना घाई झाली होती, आणि तिचं कारण आमच्या ग्रंथालयात शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. सर शहात्तर वर्षांचे. एक डोळा गेल्यात जमा, आणि दुसऱ्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्षभर धरून चाला. "मला माझं पुस्तक माझ्या डोळ्यांनी वाचायचंय," एवढंच ते म्हणत. त्यामुळे मी सहा महिने घरीदारी प्रुफं घेऊन फिरत होते. नवरा म्हणायचा, "जेवताना तरी त्या मेलेल्या माणसाला बाजूला ठेव."

रविवारी दुपारी मी शेवटची तपासणी करत बसले होते. प्रत्येक नोंदीत त्या रचनेची पहिली ओळ स्वरलिपीत छापलेली असते. ती हस्तलिखिताच्या फोटोशी ताडायची आणि पियानोवर वाजवून बघायची. बाजूच्या खुर्चीत माझी मावशी विणत बसली होती. तिनं चाळीस वर्षं नाचाच्या वर्गात पियानो वाजवला. आता ती आमच्याकडे राहते, आणि मी वाजवायला लागले की न मागता मार्क देते.

तीनशे अकरा क्रमांक आला. "पियानोसाठी, अपूर्ण, बहुधा विद्यार्थ्यांकरता." हे कार्ड माझ्याच हातचं, नोकरीच्या पहिल्या वर्षातलं. मी ओळ वाजवली.

मावशी चष्मा सावरत फोटोवर वाकली. "अगं, सुरुवातीचं काय गिळलंस?"

"काही नाही गिळलं. तिथे नुसती विश्रांती लिहिलीय. आमचा नियमच आहे तसा. पहिला वाजणारा सूर म्हणजे आरंभ, त्याआधीच्या गप्प मात्रा धरायच्या नाहीत."

"किती आहेत त्या?"

"चोवीस."

सुया थांबल्या. "एकटा माणूस पियानोवर येऊन बसला, आणि चोवीस मात्रा हात मांडीवर ठेवून नुसता बघत राहिला? मग तो इतक्या आधी आलाच कशाला? बाळा, त्याच्या शेजारी बसून कोणीतरी वाजवतंय. म्हणून हा मोजतोय."

मी फोटो जवळ ओढला. एकाच पियानोवर दोघांनी बसून वाजवायच्या रचना असतात, वरचे सूर एकाकडे, खालचे दुसऱ्याकडे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आम्हालाही कळत होतं. पण नियम सरांनी केला, कात्री मी चालवली, आणि कार्डावर त्या चोवीस मात्रा उरल्याच नाहीत. मग शंका येणार कुठून? एकोणीस वर्षं त्या कार्डाकडे बघून मी मनातल्या मनात म्हणत होते, काय सुबक काम केलंय आपण!

कार्डावर लांबी होती सहाशे सोळा मात्रा. चोवीस मिळवल्यावर सहाशे चाळीस. मी बरोब्बर सहाशे चाळीस मात्रांची रचना शोधायला बसले, आणि ती एकशे सत्याऐंशीवर सापडली. "जाड सुरांचा सराव. सांगीतिक मूल्य नाही." ही नोंद खुद्द सरांची. हा कागद संगीतकाराच्या स्वतःच्या पेटीत मिळाला होता. तीनशे अकरा मात्र त्याच्या काळी त्याच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून राहणाऱ्या, पियानो शिकवणाऱ्या एका बाईंच्या घरून आला होता. दोन घरं, दोन खोकी, म्हणून दोन क्रमांक.

"सरक तिकडे," म्हणत मावशीनं विणकाम खुर्चीत टाकलं आणि माझ्या डाव्या बाजूला बसकण मारली.

आम्ही वाईट वाजवलं. पण ते एकच होतं! तिच्या त्या जाड, बिनमोलाच्या सुरांवर माझे वरचे सूर असे येऊन बसले की मी मध्येच "अय्या" म्हणाले. मधल्या एका जागी माझ्या कागदावर पेन्सिलीनं एकच शब्द लिहिलेला आहे: कोपर! सरांनी त्याच्यावर तीन ओळींची तळटीप लिहिली होती, की हे बहुधा एखाद्याचं आडनाव असावं. त्या जागी आलो. मावशीचा उजवा हात झपकन वर आला, माझा डावा खाली गेला, आणि तिचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. दोघी हसून हसून बेजार. काही फुटलं की काय ते बघायला नवरा आतून धावत आला.

दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी हा माणूस त्या बाईंच्या शेजारी बसायचा, आणि मुद्दाम हात एकमेकांत अडकतील असं लिहायचा. लबाड कुठला! मला तो त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

आनंद ओसरल्यावर सर आठवले. दोनाची एक रचना होणार, म्हणजे तीनशे अकरानंतरचा प्रत्येक क्रमांक बदलणार, प्रत्येक संदर्भ, प्रत्येक तळटीप. सहा महिने तरी गेले. सरांच्या वर्षातले सहा महिने. बुधवारपर्यंत तोंड शिवून बसावं, असं माझ्या मनात आलं; खोटं कशाला बोलू? रात्रभर आलं. पण सोमवारी सकाळी मी दोन्ही फोटो सरांच्या टेबलावर ठेवले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

सरांनी भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग भिंग आपटलं.

"नाही म्हणजे नाही! कागद वेगळा, शाई वेगळी, पेटी वेगळी. आणि हे शोधलं कोणी? तुमच्या मावशीनं?"

"हो सर."

"नाचाच्या वर्गातल्या?"

"चाळीस वर्षं, सर."

"बाई, तुम्हाला माझ्या डोळ्यांचं ठाऊक आहे ना?" हे त्यांनी इतक्या हळू विचारलं की ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "ठाऊक आहे म्हणूनच सांगतेय. नंतर दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर तुम्हाला चाललं असतं?"

ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. "चला खाली. वाजवून दाखवा. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

तळघरात ग्रंथालयाचा जुना पियानो आहे. त्याच्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते, ते आम्ही दोघांनी मिळून जमिनीवर उतरवले. खालची बाजू सरांनीच घेतली. बिनमोलाचं आहे हे सिद्ध करायला दुसरा कोण हवा होता? पानं मी सकाळीच चौपट मोठी करून आणली होती, त्यांना वाचता यावं म्हणून. त्यांनी ती नाकाशी धरून पाहिली आणि समोर लावली.

सर वाजवू लागले. मी हात मांडीवर ठेवून मोजत होते. एकट्याचे ते सूर खरंच कंटाळवाणे होते, कोणी दारात येरझाऱ्या घालाव्यात तसे. वीस, एकवीस, बावीस. सरांचा चेहरा "बघा, सांगितलं नव्हतं?" असा झाला होता. चोवीस झाल्या आणि मी आत शिरले.

सरांचे हात थांबले नाहीत, पण मान वळली. ते कागदाकडे बघायचंच विसरले. तरी चुकत नव्हते. एकतीस वर्षांत त्यांना ते नकळत पाठ झालेलं होतं. पानामागून पान गेलं. मग ती जागा आली, त्यांचा हात वर, माझा खाली, आणि एकतीस वर्षांच्या संशोधनाचं कोपर थेट माझ्या दंडावर बसलं.

"कोपर!" सर ओरडले. "आडनाव! आडनाव म्हणे! गाढव आहे मी!" आणि ते हसायला लागले. एकोणीस वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. ते इतकं मोठ्यानं हसतात हे कळल्यावर मला वाटलं, आपण कशाकशाला मुकलो. शिपाई जिन्यात येऊन उभा राहिला. सरांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांना शुद्ध नव्हती.

मग त्यांनी फोन काढला, छापखान्याचा नंबर माझ्याकडून लावून घेतला.

"छपाई थांबवा," ते म्हणाले. "हो, सगळीच. चारशे बारा नाहीत, चारशे अकरा आहेत."

पलीकडून छापखान्याचे मालक मोठमोठ्यानं बोलत होते. मला ऐकू येत होतं. कागद आलाय, माणसं लावलीत, आणि सर, तुम्हीच म्हणाला होतात की डोळे आहेत तोवर पुस्तक हातात हवं.

"म्हणालो होतो," सर म्हणाले. "पण चुकीचं पुस्तक डोळे भरून बघून काय करू?"

 मग मालकांनी विचारलं, बरं, मग काम आता कुठवर आलंय म्हणायचं?

सरांनी पहिलं पान पुन्हा समोर लावलं, फोन कानाला खांद्यानं दाबून धरला आणि दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले.

"आत्ता तर सुरू झालंय," ते म्हणाले. "ठेवतो. बाई मोजायला बसल्यात."