पुसलेली शेपटी

सुखदेव ओव्हाळ यांच्या रक्ताच्या स्लाइड देखण्या असत. काचपट्टीवर थेंब, दुसऱ्या काचेची तिरपी कड, एकच सलग ओढ. आणि शेवटी नखासारखी गोलसर, विरळ होत गेलेली शेपटी. एखादीची शेपटी दातेरी निघालीच, तर रंग देण्याआधी ते स्पिरिटच्या बोळ्याने ती पुसून सारखी करत. नारायण पेठेतल्या त्या छोट्या रुग्णालयात या टापटिपीचे कौतुकच होई.

त्या सकाळी विश्रांतवाडीच्या राधा साबळे यांच्या रक्तात यंत्राने जेमतेम अठरा हजार प्लेटलेट मोजल्या; हव्यात दीड लाखाच्या वर. दुपारी पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरलेली. सुखदेवांनी स्लाइड पाहिली. प्लेटलेट खरोखरच तुरळक होत्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. पूर्णिमा खरे यांनीही डोळा लावला.

"प्लेटलेटच्या गुठळ्या नाहीत?"

"एकही नाही, मॅडम."

शस्त्रक्रिया रद्द झाली आणि अस्थिमज्जेच्या तपासणीची भाषा सुरू झाली.

नवा नमुना घ्यायला सुखदेव वॉर्डात गेले. राधाबाईंनी हात पुढे केला.

"दादा, रक्ताचा कॅन्सर तर नसेल ना?"

"एका आकड्यावरून कॅन्सर ठरत नाही, ताई."

सुई काढून त्यांनी कापूस दाबला. उचलून पाहिला, तर रक्त थांबलेले होते. दुसऱ्या हातावर सकाळी टोचलेल्या जागी काळानिळा डागही नव्हता. इतक्या कमी प्लेटलेट असलेले शरीर इतके शिस्तीत वागते, यावर विश्वास ठेवायला सुखदेवांना आणखी पुरावा हवा होता. रक्त गोठू नये म्हणून वेगळे द्रव्य घातलेली, निळ्या टोपणाची नळीही त्यांनी भरून घेतली.

खाली येऊन त्यांनी नेहमीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीतून पुन्हा स्लाइड ओढली. शेपटी दातेरी निघाली. हात सवयीने बोळ्याकडे गेला आणि तिथेच थबकला. आपण जे पुसतो त्यात काय असते, हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

स्लाइड तशीच रंगवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मधला भाग सकाळसारखाच ओसाड. शेपटीत मात्र जांभळे पुंजकेच्या पुंजके साचलेले. काही माणसांच्या प्लेटलेट जांभळ्या नळीतल्या द्रव्यामुळे एकमेकींना चिकटतात. यंत्राला त्या सुट्या मोजता येत नाहीत, आणि स्लाइड ओढताना जड पुंजके शेपटीकडे ढकलले जातात. सुखदेवांना हे तोंडपाठ होते. शिकाऊ मुलांना ते दरवर्षी हेच सांगत, आणि वर्ग संपला की बोळा हाती घेत.

निळ्या नळीत यंत्राने दोन लाखांवर प्लेटलेट मोजल्या.

"मॅडम, सकाळची स्लाइड चुकली."

"ती? ती तर प्रदर्शनात मांडण्यासारखी होती."

"म्हणूनच. शेपटी मी पुसली होती."

डॉ. पूर्णिमांनी नवी स्लाइड बराच वेळ पाहिली. "कधीपासून पुसताय?"

"इथे आल्यापासून."

"आणि मी तेव्हापासून वाहवा करतेय. छान." त्या खुर्चीत मागे टेकल्या. "प्लेटलेट कमी निघालेल्या जुन्या स्लाइड कपाटातून काढा. पुन्हा बघू."

"बघून काय कळणार, मॅडम? दातेरी निघालेल्यांना शेपट्याच नाहीत."

त्या उठल्या. "सर्जनना मी गाठते. तुम्ही वॉर्डात कळवा. पेशंटला काही खायला-प्यायला दिलं, तर आजचा दिवस गेलाच."

सुखदेवांनी फोन लावला. सिस्टर चंद्रभागांनी उचलला.

"सिस्टर, साबळेंना चहा दिलात?"

"ऑपरेशन रद्द ना? मग काय उपाशी मारू त्यांना?"

"रद्द नाही. प्लेटलेट ठीक आहेत, मोजण्यात चूक होती. माझी."

"अहो ओव्हाळ, कप आत्ताच हातात दिलाय त्यांच्या!"

"घोट घेतला?"

"थांबा." फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला. सुखदेव रिसीव्हर कानाशी घट्ट धरून उभे राहिले. मग लांबून राधाबाईंचा आवाज ऐकू आला.

"होणार म्हणता? मग न्या, न्या तो चहा. नुसती फुंकरच घालत होते."