कवळ्यांच्या खोलीतला टायमर

मित्रांनो, माझी उंची चहाच्या कपाएवढी. रंग एकेकाळी पांढराशुभ्र होता, आता पिवळट झाला आहे. डोक्यावरची चकती फिरवली की मी टिकटिक करू लागतो आणि ठरवलेली मिनिटं संपली की किर्रर्र वाजतो. मी एक जुना टायमर आहे. मला सेल लागत नाही की चार्जर लागत नाही. पोटात एक स्प्रिंग आहे, तिच्यावरच माझा सगळा कारभार चालतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. एवढंच आठवतं, की एका बाईंनी बारीक चिमट्याने माझी स्प्रिंग बसवली, मला कानाशी धरलं आणि त्या म्हणाल्या, "चालला!" मी ऐकलेला तो पहिला शब्द.

मग मी ठाण्याच्या धोंडिबाकाकांकडे आलो. काका कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचे. काका मेणात एकेक दात लावायचे, त्याचा साचा करायचे आणि गुलाबी लगदा भरून तो साचा पाण्यात तापवायचे. आच हळूहळू वाढवावी लागते. घाई झाली तर कवळीत बुडबुडे येतात आणि ती वाया जाते. ती वेळ सांभाळणं हे माझं काम. "हा वाजला की उठायचं. त्याच्याशी वाद घालायचा नाही," असं काका आपल्या हाताखालच्या महेंद्रला सांगायचे. ते ऐकून मला फार अभिमान वाटायचा.

पुढे काकांची नजर अधू झाली. महेंद्रने ठाकुर्लीला एक खोली घेऊन स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा काकांनी मला त्याच्या हातात ठेवलं. महेंद्रच्या हातात कला होती. त्याने लावलेले दात खोटे वाटायचे नाहीत. डोंबिवली-कल्याणचे डॉक्टर त्याला कामं पाठवू लागले. ती आमची भरभराटीची वर्षं होती.

मग महेंद्रने नवा मोबाइल घेतला. त्यातही टायमर होता आणि तो गाणं वाजवायचा. एके दिवशी मला खणात टाकलं गेलं. शेजारी मोडके ब्रश आणि सुकलेला डिंक. माझी तक्रार नव्हती, मित्रांनो. पण खणाच्या फटीतून मला टेबल दिसायचं आणि जे दिसायचं त्याने जीव तुटायचा.

महेंद्र बसायचा, दोन दात लावायचा, फोन वाजायचा. "महेंद्र, आमचं झालं का?" "उद्या देतो, डॉक्टर." मग ज्याचा फोन आला त्याचं काम तो पुढे ओढायचा. ते अर्धं होईपर्यंत दुसऱ्याचा फोन यायचा. मधेच मेसेज, मेसेज पाहताना एखादा व्हिडिओ. दिवसभर तो खपायचा, मान दुखायची, आणि संध्याकाळी टेबलावर सहा अर्धवट कवळ्या मांडलेल्या असायच्या. तो आळशी नव्हता हो. त्याचा दिवसच जो तो आपल्याकडे ओढत होता.

अशातच मानपाड्याच्या विमलाबाईंचं काम आलं. वय सत्त्याहत्तर, जुनी कवळी पडून फुटलेली. रविवारी त्यांच्या धाकट्या बहिणीची, शकूची, पंचाहत्तरी होती. महेंद्रने कवळी शुक्रवारी द्यायचं कबूल केलं होतं. गुरुवारी साचा पाण्यात तापत असताना फोनचा टायमर वाजला. त्याच क्षणी एका डॉक्टरांचा फोन आला. महेंद्र बोलत बोलत बाहेर गेला. आच कमी करायची राहून गेली आणि पाणी उकळत राहिलं. साचा उघडला तेव्हा कवळीभर बुडबुडे होते. पुन्हा सगळं पहिल्यापासून करायला हवं होतं आणि दिवस उरले नव्हते.

सोमवारी विमलाबाई रिक्षा करून स्वतःच आल्या. सोबत त्यांची नात ऋजुता होती. महेंद्रची बायको माया बालवाडीत शिकवते, तीही तेव्हा डबा घेऊन आली होती. विमलाबाईंनी तोंडाला रुमाल धरला होता. शब्द ओठांतून निसटत होते, तरी त्या सावकाश बोलल्या.

"मला खाता आलं नाही, त्याचं काही नाही रे. पण सगळ्या म्हणाल्या, विमल, शकूबद्दल दोन शब्द बोल. मी नुसती मान हलवत बसले. लहानपणापासून तिला मी सांभाळलंय. माझ्याइतकं तिच्याबद्दल कोण बोलणार होतं?"

महेंद्रला मान वर करता येईना. "आजी, चुकलो मी," एवढंच तो म्हणाला.

त्या गेल्यावर त्याने ती बुडबुडे आलेली कवळी हातात घेतली. मग म्हणाला, "माया, मी एवढा राबतो, तरी कामं होत का नाहीत गं?"

"मला माहीत नाही. पण मी उद्या बसून बघते," माया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने रजा काढली. कोपऱ्यात स्टुलावर बसून तिने एका वहीत नुसत्या रेघा मारल्या. दुपारी वही त्याच्यापुढे धरली. "सकाळपासून तू सव्वीस वेळा हातातलं काम खाली ठेवलंस. त्यातले एकोणीस फोन, ‘झालं का’ एवढं विचारायला."

महेंद्रने त्या रेघा स्वतः मोजून पाहिल्या. मग दोघांनी मिळून दिवस नव्याने मांडला. सकाळी उजेड चांगला असतो, तेव्हा दात लावायचं नाजूक काम. अकरानंतर साचे तापवायचे. फोन फक्त बारा वाजता आणि पाच वाजता. रोज तीनच कामं घ्यायची, आणि ती पुरी केल्याशिवाय चौथ्याला हात लावायचा नाही.

"पण फोन बंद ठेवला तर टायमर कुठला लावू?" असं म्हणत महेंद्रने खण उघडला. त्याने मला शर्टाला पुसलं, दोन थेंब तेल सोडलं आणि चकती फिरवली. मी अडखळलो, थांबलो, आणि मग चालू लागलो!

सोपं नव्हतं ते. दुसऱ्याच दिवशी त्याचा हात आपोआप फोनकडे गेला आणि सकाळ वाया गेली. एका डॉक्टरांनी रागावून काम दुसरीकडे नेलं. महेंद्र घाबरला. "बंद करू का हे सगळं?" त्याने मायाला विचारलं. "आजींची कवळी होईपर्यंत तरी चालू ठेव," ती म्हणाली.

ती कवळी करताना मी त्याच्या हाताशी होतो. मी चालू असेपर्यंत तो उठला नाही. वाजलो की पाणी प्यायचा, मान मोकळी करायचा, पुन्हा मला फिरवायचा. साचा उघडला तेव्हा आत एकही बुडबुडा नव्हता. पुढच्या सोमवारी डॉक्टरांनी ती विमलाबाईंच्या तोंडात बसवली, आणि तिथून त्या थेट आमच्याकडे आल्या. आल्या आल्या ऋजुताचा फोन घेऊन त्यांनी बहिणीला लावला.

"शकू, मी बोलतेय. हो, मीच! आता गप्प बसून ऐक. तुझ्या पंचाहत्तरीला बोलायचं राहिलंय माझं."

आणि त्या बोलल्या, मित्रांनो! शकूने लहानपणी शेजारच्यांच्या चिंचा पाडल्या तिथपासून सुरुवात केली. हसल्या, रडल्या, मधेच भांडल्यासुद्धा. महेंद्रने कसलीही घाई केली नाही. त्याने फक्त त्यांना बसायला स्टूल पुढे केलं.

आता संध्याकाळी सहाला टेबल रिकामं असतं. डॉक्टर बारा वाजता फोन करायला शिकले. माझी स्प्रिंग मात्र थकली आहे. अर्ध्या तासात मी दोन मिनिटं मागे पडतो. महेंद्रला ते ठाऊक आहे, पण त्याने मला बदललं नाही. तो दोन मिनिटं हिशोबात धरतो आणि महिन्यातून एकदा तेल देतो.

म्हणून एकच मागतो, मित्रांनो. तुमच्या घरीही कुणीतरी मान खाली घालून काही करत बसलेलं असेल. आई असेल, ताई असेल, कधी बाबा असतील. त्याला लगेच हाक मारू नका. थोडं थांबा. त्याच्या हातातलं पुरं होऊ द्या.