साहेबांची बदली

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी माणूस पहिल्यांदा स्वतःच्या घरात राहायला निघतो, तेव्हा नव्या घरापेक्षा जुन्या घरातल्यांची तोंडं पाहण्यात त्याला जास्त रस असतो. कवळीबाईंचंही तसंच होतं. पण सामान बांधायच्या दिवशी त्यांच्या वहिनींनी तोंड पाडलंच नाही. बाह्या वर सारून त्या स्वतः कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या आणि नको नको म्हणताना आपलं एक जादा पातेलं खोक्यात सारत होत्या. ज्या बाईने सतरा वर्षांत कपाटाची किल्ली कुणाच्या हाती दिली नाही, तिचा हात असा सैल सुटावा, याचाच कवळीबाईंना राग आला. आपण जाणार म्हणून कुणाला वाईटच वाटणार नसेल, तर जाण्यात मजा ती काय?

कवळीबाई हे नाव कामावरचं. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडांचे साचे येत, त्यांत प्लास्टर ओतून, मेणात एकेक दात बसवून बाई कवळ्या तयार करत. बावीस वर्षांत शहरातली निम्मी म्हातारी तोंडं त्यांच्या हाताखालून गेली होती. घरी त्यांच्या वाट्याला एकच म्हातारं तोंड होतं, पण ते पुरेसं होतं. अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, गोळ्या वेळेवर द्यायच्या, पाय चेपायचे आणि प्यायचं पाणी कोमट नसलं की बोलणी खायची. बाईंना तरुणपणी दोन स्थळं आली होती. दोन्ही अप्पांनी परतवली. एक फार लांबचं म्हणून आणि दुसरं फार जवळचं म्हणून.

तेव्हा नवं घर कशासाठी घेतलं, हे वेगळं सांगायला नको. चार गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर एक खोली, एक ओटा, एक खिडकी. खिडकीखाली सायकल दुरुस्तीच्या दुकानाचा पत्रा. आत खाट एक, खुर्ची एक. अप्पांनी कधीमधी पाहुण्यासारखं यावं, त्या खुर्चीवर बसावं, "छान आहे हो" म्हणावं आणि दिवेलागणीच्या आत आपल्या पायांनी परत जावं, एवढीच बाईंची इच्छा होती.

मांजर मात्र बेतात नव्हतं. ते वहिनींनी घातलं.

"बाकी काय, वन्सं," निघताना दारात वहिनी म्हणाल्या, "एकट्या माणसाचं घर म्हणजे भिंती खायला उठतात. महिन्याभरात याल परत."

"मी? मरेन तरी यायची नाही."

"अहो, तुमचं राहू द्या. हा आपला बोका न्या बघू. मांजर घराला धरून असतं म्हणतात. याला तीन आठवडे टिकवून दाखवा, मग मी म्हणेन वन्संना घर करता येतं."

बोका अप्पांचा होता. जन्मभर कचेरीत साहेबापुढे मान खाली घालून उभं राहिल्यावर, निवृत्त होऊन अप्पांनी एक करडा बोका पाळला, त्याचं नाव साहेब ठेवलं आणि सवयीने त्याच्यापुढेही मान खालीच ठेवली. साहेब अप्पांच्या पायांवर झोपत. "तुम्हाला काही हवंय का?" असं अप्पांनी आयुष्यात आपणहून ज्याला विचारलं, असा जीव हा एकच.

डिवचलेलं माणूस पुढचं बघत नाही. बाईंनी कामावरून आणलेलं प्लास्टरचं रिकामं पोतं झटकलं, अप्पा आत घोरत असताना साहेबांना मानगुटीला धरून त्यात घातलं आणि वाट दिसू नये म्हणून वर सुतळी आवळली. नव्या घरात पोतं सोडलं तेव्हा आतून एक पांढराफटक बोका निघाला, सात वेळा शिंकला आणि शेगडीमागे जाऊन बसला.

बाईंनी त्याला कामावरचाच नियम लावला. नवी कवळी बसायला तीन आठवडे लागतात. आधी ती टोचते, माणूस कावतं. पण टोचते म्हणून काढून ठेवली की ती कायमची पेल्यात गेली म्हणून समजा. तेव्हा खिडकी बंद, दार बंद, कितीही ओरडला तरी.

"काय म्हणतंय मांजर?" कवळ्यांना चकाकी देणाऱ्या म्हातारबांनी शेजारच्या बाकावरून विचारलं.

"रडतंय."

"टोचत असेल कुठंतरी. जरा घासून बघा."

"थट्टा नको. मला फक्त ते रमायला हवंय."

दुसऱ्याच दिवशी अप्पा आले. धापा टाकत, कठड्याला धरून, आपणहून. बाईंचा ऊर भरून आला. त्यांनी नळ सोडून दाखवला, ओटा दाखवला, खिडकीतून दिसणारं वाचनालयाचं घड्याळ दाखवलं.

"साहेब कुठायत?" अप्पांनी विचारलं.

मग शेगडीशी वाकून ते दोन तास बोलत बसले. खिशातून कागदात बांधलेलं माशाचं डोकं निघालं. घराविषयी त्यांनी एकच वाक्य काढलं: "इथं यांना वारा लागत नाही."

पण आले, हे काय कमी होतं? तिसऱ्या दिवशी आले, चौथ्या दिवशी आले, पाचव्या दिवशी जेवूनच गेले. बाईंना कामावर जावं लागे, म्हणून त्यांनी दुसरी किल्ली अप्पांना दिली. उभ्या जन्मात मिळालेल्या दोन किल्ल्या, त्यांतली एक आठवड्याच्या आत गेली, आणि देताना बाई हसत होत्या.

दहाव्या दिवशी अप्पांनी साहेबांना वारा लागावा म्हणून खिडकी उघडली. साहेब पत्र्यावरून जे गेले ते थेट जुन्या घरी. बाई कामावरून आल्या आणि रिकामं घर बघून मटकन खुर्चीत बसल्या. आता वहिनी गल्लीभर सांगणार. तेवढ्यात दार वाजलं. दारात खुद्द वहिनी. पाच वर्षांत ज्यांनी साहेबांना केरसुणीशिवाय कशानेही शिवलं नव्हतं, त्या त्यांना छातीशी धरून चार गल्ल्या चालत आल्या होत्या. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे, एकातून रक्त.

"घ्या तुमचं मांजर. खिडकी लावत जा, वन्सं."

"अजून अकरा दिवस आहेत. म्हणू नका मग की टिकलं नाही."

"टिकणार की. मी हरले म्हणून समजा."

हरलेली बाई रक्त निघेपर्यंत बोका का वाहून आणते, हा प्रश्न कवळीबाईंना पडायला हवा होता. दुसऱ्यांचे वाकडे दात त्यांना साच्यावरून कळत; पण वहिनींच्या तोंडून "हरले" हा शब्द ऐकला आणि बाई हुरळून गेल्या. त्यांनी वहिनींना चहा पाजला. वर ओरखड्यांना मलमही दिलं.

पुढे अप्पांची उशी आली, दुपारी मान अवघडते म्हणून. मग औषधांचा डबा, आता रोज कोण ने-आण करणार म्हणून. साहेब शेगडीमागून निघाले, खाटेखाली आले, खाटेवर आले. एकविसाव्या दिवशी साहेबांनी उघड्या दाराकडे बघून जांभई दिली. बाई पैज जिंकल्या.

त्याच दिवशी दुपारी खाली हातगाडी थांबली. गाडीवर अप्पांची खाट, अप्पांची ट्रंक, अप्पांचं पाय शेकायचं घमेलं. मागे दादा आणि वहिनी.

"अप्पांना तिकडे करमत नाही गं," दादा भिंतीकडे बघत म्हणाला. "साहेब नाहीत ना."

"मग साहेबांना न्या. आत्ता पोत्यात घालून देते."

"छे हो," वहिनी म्हणाल्या. "बिचारं आत्ता कुठे रमलंय. सारखी घरं बदलायची म्हणजे मुक्या जिवाला केवढा त्रास."

"आणि अप्पांना नाही त्रास?"

"ते काय, साहेब जिथे तिथे ते. आणि वन्सं, तुम्हीच नेलंत ना? मी फक्त बोलले."

अप्पा त्या एकुलत्या एका खुर्चीवर साहेबांना मांडीवर घेऊन बसले होते. सगळं त्यांच्या कानांवर पडत होतं. मग त्यांनी विचारलं, "माझ्या खोलीचं काय?"

दादाने हात खिशात घातले. उशीर झाला होता. त्याच्या नखांतला भिंतींचा पिवळा रंग बाईंनी पाहिला होता, अप्पांनीही पाहिला होता. रंग ओला होता. अप्पा मग साहेबांचे कान खाजवत राहिले.

दोन खाटा त्या खोलीत मावेनात, म्हणून बाईंची खाट त्याच हातगाडीवरून परत गेली. वहिनी म्हणाल्या, अप्पांच्या रिकाम्या खोलीत पाहुण्यांना होईल. बाई जमिनीवर झोपू लागल्या. अप्पांची तब्येत मात्र सुधारली. बाईंनी हौसेने करून दिलेली जी कवळी जुन्या घरात चार वर्षं पेल्यात पडून होती, ती त्यांनी इथे आल्यावर तोंडात घातली, टोचली तरी काढली नाही, आणि आता ते भाकरीचा कडकडीत पापुद्राही कुरुमकुरुम वाजवत खात. आवाज खोलीभर घुमे. "चांगली बसलीय," ते म्हणाले. बावीस वर्षांत बाईंच्या कामाचं त्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक.

पुढच्या रविवारी दुपारी अप्पा डोळे मिटून पडले होते, साहेब त्यांच्या पायांवर. बाईंनी आवाज न करता खिडकी उघडली. माशाचं डोकं कागदातून काढून हात पोचेल तितकं लांब पत्र्यावर ठेवलं. साहेब उठले, आळोखेपिळोखे दिले, बाहेर गेले. बाईंनी खिडकी लावली, कडी घातली आणि काचेआडून पाहत राहिल्या. जा. चार गल्ल्या. वाट तुला ठाऊक आहे. तू गेलास की तेही येतील मागे.

साहेबांनी मासा सावकाश संपवला. तोंड पुसलं. जुन्या घराच्या दिशेला एकदा बघितलं, मग वळून खिडकीशी आले आणि काचेवर पंजा घासू लागले.

"अगं, खिडकी उघड," अप्पा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "साहेब बाहेर राहिलेत."

"तुम्हाला झोप लागली नव्हती?"

"तू मासा ठेवलास तेव्हाच जागा होतो." त्यांनी कूस बदलली. "उघड. आम्हाला तिकडे कुणी घेत नाही."

बाईंनी कडी काढली. साहेब त्यांच्या हाताला अंग घासून आत आले आणि आपल्या जागी, अप्पांच्या पायांवर, गोल होऊन बसले.

"आणि उठलीच आहेस तर पाणी दे," अप्पा म्हणाले. "कोमट."