रिकाम्या हाताने वर आलेला माणूस

महासत्ता कधी घाई करत नाही, कधी चुकत नाही आणि मागे खूण ठेवत नाही. तिचा हात समुद्राच्या तळापर्यंत पोचतो, आणि तो हात कुणाचा होता हे जगाला पन्नास वर्षं कळत नाही. हे सगळं खरं आहे. फक्त तो हात पाण्यात शिरत असताना धक्क्यावर मेरेआना मावशी शिंपल्या खरवडायला बसलेली नसावी, एवढी एक अट आहे.

दक्षिण गोलार्धात जुलै म्हणजे हिवाळा, आणि ती थंडी ओतूरा बंदरात हाडं मोजून घेते. त्या शनिवारी दुपारी धक्क्यावर मावशीशिवाय चिटपाखरू नव्हतं. समोर ‘कुआका’ बांधलेली होती. जुनी मासेमारीची बोट, वर नवा हिरवा रंग. कप्तान नोलाबाई, निवृत्त शिक्षिका. खलाशी सहा, आणि त्यांतला सगळ्यांत म्हातारा, इंजिन सांभाळणारा तामिहाना हा मावशीचा धाकटा भाऊ. वय बासष्ट. सोमवारच्या भरतीला ही मंडळी तीन हजार मैलांवरच्या एका प्रवाळबेटाकडे निघणार होती. तिथे कुठलंसं दूरचं सरकार अणुबॉम्ब फोडून बघायचं. समोर बोट उभी राहिली की सरकारला लाज वाटेल, असा नोलाबाईंचा हिशेब. पण त्या शाळेत भूगोल शिकवायच्या, सरकारांचा स्वभाव हा त्यांचा विषय नव्हता.

तेवढ्यात दोन परके पाणबुडे आले. कोरे करकरीत रबरी पोशाख, एकाला मिशी. दोघांनी मिळून एक जड पिशवी उचलली आणि पाण्यात उतरले. वीस मिनिटांनी वर आले, तेव्हा पिशवी घडी करून मिशीवाल्याच्या काखेत होती.

“काय मिळालं रे बाबांनो?” मावशीने विचारलं.

“काही नाही. नुसतं बघायला गेलो होतो.”

मावशीची सुरी थांबली. साठ वर्षांत या बंदरात माणूस पाण्याखाली जाताना रिकामी पिशवी घेऊन जातो आणि भरलेली घेऊन वर येतो. शेवंड नाही तर शिंपल्या, शिंपल्या नाहीत तर निदान कुणाचा हरवलेला नांगर. रिकामं वर यायची लाज वाटते म्हणून पोरं दगड घेऊन येतात. आणि हे दोघे भरली पिशवी नेऊन रिकामी आणत होते, शिवाय धक्क्याच्या खांबाला लागलेल्या शिंपल्यांकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

ती तडक पोलीस चौकीत गेली. चौकीत गॉर्डन होता. ओतूऱ्याचं सगळं पोलीसदल म्हणजे तोच.

“मावशी, रिकाम्या हाताने वर येणं हा गुन्हा नाही,” तो म्हणाला. “असता तर मी जन्मठेपेत असतो.”

“त्यांनी खाली काहीतरी ठेवलंय.”

“काय?”

“ते मला माहीत असतं तर तुझ्याकडे कशाला आले असते?”

गॉर्डनला हे पटलं, पण पटून करणार काय. पाणी गढूळ, पोलिसांचा पाणबुडा सोमवारी शहरातून येणार. नोलाबाईंनी काठीने बोटीभोवती ढोसून पाहिलं. तामिहाना तर हसला. “ताई, म्हातारपणी तुला भुतं दिसायला लागली.”

“भुतं दिसली असती तर मी बोलले नसते. भुतं काही ठेवून जात नाहीत.”

काय ठेवलंय ते तिला कळेना. पण भाऊ त्यावर झोपणार आहे एवढं कळत होतं. ती रात्र त्याने तिथेच काढली. मावशीने काढली खिडकीत.

रविवारी सकाळी तिने मटण चढवलं, रताळी भाजायला टाकली, पाव तळले, आणि निरोप धाडला: बोटीवरच्या सगळ्यांनी दोन वाजता माझ्याकडे जेवायला यायचं. गॉर्डननेही. सगळे आले. तामिहाना आला नाही. बोटीवर एकाने कायम थांबायचं असा नियम, आणि पाळी त्याची.

मावशी धक्क्यावर गेली. “पानं वाढलीत.”

“माझं झाकून ठेव.”

“झाकते. पण घरात वडीलधारा पुरुष तू. प्रार्थना तू म्हणायचीस. तू येईपर्यंत कुणी घास उचलणार नाही. सात माणसं ताटाकडे बघत बसलीत. नोलाबाई तर रडवेली झाली.”

“ही जबरदस्ती आहे, ताई.”

“आहे.”

तामिहाना इंजिनाच्या तेलाचे हात पुसत, पुटपुटत आला. आणि आता सूड म्हणून त्याने प्रार्थना लांबवली. देवाचे आभार मानले, पूर्वजांचे मानले, डोंगराचे, खाडीचे, मेंढीचे, तिच्या आईचे मानले. मटणावर चरबीची साय धरली. तो रताळ्यांपर्यंत पोचला आणि खिडक्यांच्या काचा खळखळून उठल्या. एक स्फोट, आणि मिनिटाभराने दुसरा. धक्क्याच्या दिशेने पाण्याचा खांब वर गेला आणि खाली बसला.

तामिहानाने एक डोळा उघडला. “आमेन,” तो म्हणाला.

गॉर्डन उठला. “मावशी, त्यांचा चेहरा आठवतो?”

“चेहरा नाही. हात आठवतात.”

ते फार लांब गेले नव्हते. काम फत्ते झालं का हे पाहून वर कळवायचं असतं, म्हणून टेकडीवर थांबले होते. मग मोटारीतून सुसाट निघाले ते थेट धारा काढायला नेत असलेल्या दीडशे गायींच्या मागे अडकले. गॉर्डन पोचला तेव्हा मिशीवाला हॉर्न वाजवत होता. ओतूऱ्यात गायींना हॉर्न वाजवत नाहीत, म्हणून त्याही वळून बघत होत्या. दूरच्या सरकारने त्याच संध्याकाळी जाहीर केलं की आपल्याकडे असे कुणी पाणबुडे नाहीत आणि त्यांना ताबडतोब परत पाठवावं.

‘कुआका’ तळाला बसली होती. तामिहानाच्या बिछान्याच्या जागी मोटार जाईल एवढं भोक. तो बराच वेळ धक्क्यावरून ते बघत उभा होता. बाजूला मावशी.

“हेमीने त्याचा ट्रॉलर देऊ केलाय,” तो म्हणाला. “आणखी सातजण आपापल्या होड्या घेऊन येतायत. उद्याच निघायचं म्हणतात.”

मावशीने खांबावरची एक शिंपली खरवडून काढली.

“तू नको म्हणालीस तर राहतो, ताई. या वेळी खरंच राहतो.”

खरोखर राहिला असता. मावशीला ते माहीत होतं. तिने शिंपल्यांची सुरी, पदर नसल्यामुळे, झग्यालाच पुसली.

“कालपर्यंत तू हौसेने चालला होतास,” ती म्हणाली. “तेव्हा नाही म्हणता आलं असतं. आता त्यांनी सांगितलंय, येऊ नका. मग जायलाच हवं.”

सोमवारी आठ होड्या निघाल्या. धक्क्यावर चार गावांची माणसं, म्हाताऱ्या बायांचं गाणं, दूरचित्रवाणीचे कॅमेरे. नोलाबाई पुढच्या ट्रॉलरच्या नाकावर ताठ उभ्या, जणू वर्गात कुणी दंगा करून दाखवावाच. खाडीच्या तोंडाशी आठही होड्यांनी भोंगे वाजवले आणि उघड्या समुद्राला लागल्या. एकही मागे वळली नाही. गॉर्डनने टोपी काढली.

धक्क्यावरचा रेडिओ खरखरला. ताफ्याचा पहिला संदेश. वार्ताहर वही उघडून पुढे सरकले, बायांनी गाणं थांबवलं.

“ताई,” तामिहानाचा आवाज आला, “माझी कवळी तुझ्या न्हाणीघरात पेल्यात राहिली. कुणाची तरी होडी येत असेल तर पाठवून दे.”