गाळलेलं रीळ

बाबा आणि ठमी रोज संध्याकाळी फोनवर कादंबरीचं एकच प्रकरण ऐकत. त्याहून जास्त नाही, असा बाबांचा दंडकच होता. खेळ कसा वेळेवर सुरू व्हावा आणि वेळेवर सुटावा. चौतीस वर्षं त्यांनी चित्रपटगृहाच्या मशीन रूममध्ये रिळं लावण्यात काढली होती. मधुमेहाने आधी त्यांचे डोळे नेले, मग पाय. उरले कान, आणि ते मात्र असे तिखट की शेजारच्या घरातलं भांडण कुणी सुरू केलं हेसुद्धा ते सांगत.

ठमी त्यांची धाकटी लेक. शेहेचाळीस वर्षांची झाली तरी बाबांसाठी ठमीच. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची. तिथे मुकादमाने कामाच्या वेळी एका कानात गाणं ऐकायची मुभा दिली होती; दुसरा कान त्याच्या हुकमासाठी मोकळा ठेवायचा. तिला पुढचं कळल्याशिवाय चैन पडत नसे, म्हणून संध्याकाळचं प्रकरण ती दुपारीच चोरून ऐकून घ्यायची आणि घरी बाबांबरोबर नव्याने दचकायची.

कादंबरी जुन्या काळातल्या सरहद्दीची होती. राज्याची शेवटची चौकी ओलांडून बावीस बैलगाड्या नव्या जमिनीच्या शोधात निघालेल्या. पुढे वाट नाही, मागे घर नाही. त्यात एक म्हातारा लोहार होता, गुडघे गेलेला, पण तोंड शाबूत. त्याचाच मुलगा तांड्याचा म्होरक्या. लोहार शिव्या घालायला लागला की बाबा खाटेवर सावरून बसायचे आणि हा आपल्यातला माणूस आहे म्हणून मान डोलवायचे.

त्या गुरुवारी ठमीच्या कानात तेविसावं प्रकरण चालू होतं. नदीपाशी तांड्याची बैठक बसली. बैल मरायला टेकले होते, ओझं कमी करायचं होतं, आणि लोहार चालू शकत नव्हता. मुलाने बापाला दोन मडकी पाणी दिलं, घोंगडं दिलं आणि सांगितलं, आठ दिवसांत ताजे बैल घेऊन येतो.

ठमीच्या हातातली चादर हातातच राहिली. मुकादम दोनदा ओरडला ते तिला ऐकूच आलं नाही.

कारण आठ दिवस हा आकडा तिच्या घरातही ठरलेला होता. महिन्यापूर्वी बाबा न्हाणीघरात पडले आणि ती कामावरून येईपर्यंत सहा तास ओल्या फरशीवर पडून होते. उचलताना तिची कंबर धरली ती अजून सुटली नव्हती. आणि आता वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झाली. ती कशी रिकामी झाली हे कुणी विचारत नाही. सोमवारी सकाळी गाडी येणार होती. थोरल्या भावाने दुसऱ्या गावाहून फोनवर शहाणपण शिकवलं होतं, की तपासणीसाठी आठच दिवस जायचंय म्हणून सांग, मग लागेल सवय. स्वतः येऊन सांगायचं म्हटलं तर त्याला रजा नव्हती. आणि ठमीने मान हलवली होती. राग भावाचा यावा की स्वतःचा, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

संध्याकाळी तिने तेविसावं प्रकरण गाळलं आणि थेट चोविसावं लावलं. गाड्या डोंगर चढत होत्या.

थोड्या वेळाने बाबांनी विचारलं, लोहार कुठाय? ठमी म्हणाली, नदीवर ताप आला ना त्याला, शेवटच्या गाडीत झोपलाय. बाबा पुढचं ऐकू लागले. तिला वाटलं, निभावलं.

शुक्रवारी एका गाडीच्या चाकाची लोखंडी धाव निसटली. म्होरक्याने स्वतः विस्तव पेटवला, लोखंड तापवलं, दोनदा वाया घालवलं. बाबांनी हात वर करून कादंबरी थांबवायला लावली.

"ठमे, लोहार गाडीत असता तर तापातसुद्धा उठून शिव्या घातल्या असत्या त्याने. एक रीळ गाळलंस तू."

रीळ गाळणं म्हणजे काय, हे या घरात कुणाला सांगायला नको होतं. शेवटच्या खेळाला बाबा मधलं एक रीळ लावतच नसत. ठमी झोपायच्या आत घरी पोचावं म्हणून. चौतीस वर्षांत एकच बाई जिना चढून विचारायला आली होती, की नायिकेच्या आईचं काय झालं? बाबांनी तिला ठोकून दिलं होतं की ती बहिणीकडे राहायला गेली. खरं म्हणजे ती त्या रिळात मरत होती. हा किस्सा ऐकून घरातली माणसं वर्षानुवर्षं पोट धरून हसली होती.

"तेवीस लाव," बाबा म्हणाले.

तिने लावलं. बाबांनी ते मान खाली घालून ऐकलं. बैठक, मडकी, घोंगडं, आठ दिवस. गाड्या हलल्यावर लोहाराने पाहिलं की त्याची ऐरण आणि हातोडा मुलाने बरोबर नेले आहेत, आणि मग तो समजला. तो मुलाला हाका मारत राहिला. पहिल्या टेकडीपर्यंत मुलाला त्या ऐकू येत होत्या, पण त्याने बैल थांबवले नाहीत.

ठमीने फोन बंद केला.

"मला किती दिवसांचं सांगायचं ठरलंय?" बाबांनी विचारलं. "तू परवा माझे सदरे मोजून पिशवीत भरलेस, ते ऐकलं मी."

"आठ," ठमी म्हणाली, आणि रडू फुटलं तिला. "पण कायमचं आहे, बाबा. माझ्याच्याने उचलवत नाही हो तुम्हाला."

बाबा बराच वेळ खाटेची कड चाचपत राहिले. तिला वाटलं, आता डोक्यावर हात ठेवतील, समजलं म्हणतील. त्यांनी तसं काही केलं नाही. ते म्हणाले, "जायचं नाहीये मला. पण तू विचारलंच नाहीस, तर नाही कुणाला म्हणू?"

शनिवार-रविवार कादंबरी बंदच होती. ठमीने आपल्या जुन्या फोनमध्ये ती सगळी भरली, तेविसाव्यासकट, आणि तो पिशवीत सदऱ्यांवर ठेवला.

सोमवारी दोन माणसांनी बाबांना खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवलं. एकाने त्यांना आजोबा म्हटलं, आठ दिवसांत रुळाल म्हणाला. बाबांनी पिशवी चाचपून फोन बाहेर काढला आणि ठमीच्या दिशेने धरला. तिने तो घेतला.

दार लागलं. गाडीची मागची काच उघडी होती, तिने मुद्दाम पाहून घेतलं होतं. गाडी हळूहळू गल्लीच्या टोकाला गेली, तिथे एका दुधाच्या टेम्पोसाठी थांबली, मग वळली. ठमी रस्त्यात कान देऊन उभी होती. एक हाक आली असती तर ती धावत सुटली असती, कंबर गेली खड्ड्यात.

हाक आली नाही.