दोन एमएमच्या पाट्या

भाच्याचं वाद्य शेवटी पूर्ण झालं. भरल्या सभागृहात ते वाजलं, लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या, आणि भाच्याने ज्यांचे ज्यांचे आभार मानले त्यांत सोल्डरिंगची तार विकणारा दुकानदारसुद्धा होता. आत्या नव्हती.

पण ते जाऊ द्या. असं काही झालेलंच नाही. वाद्य अजून अर्धवट आहे, भाच्याला पॅनेल मिळत नाहीये, आणि आत्या खिडकीपाशी बसून फाटकाकडे बघते आहे.

आत्या आयुष्यभर नकाशांच्या कचेरीत ट्रेसर होती. म्हणजे दुसऱ्यांनी काढलेल्या पुलांवर आणि गटारांवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईने गिरवायचं. तिच्या हातून कधी एक रेघ हलली नाही. लग्न केलं नाही, कारण विचारायला आलेल्या एकुलत्या एका माणसाचं नाक मध्यरेषेत नव्हतं. निवृत्तीनंतर भावाने तिला या ज्येष्ठ निवासात आणून सोडलं, "दर रविवारी येतो" म्हणाला, आणि पहिला रविवार उजाडायच्या आत वारला. मागे राहिला तो त्याचा मुलगा. हाच भाचा.

भाचा पस्तिशीचा. दिवसा विमा कंपनीत बसून लोकांचे दावे नाकारायचा आणि उरलेल्या वेळात घरी मॉड्युलर सिंथेसायझर बनवायचा. हे वाद्य म्हणजे एका चौकटीत शेजारीशेजारी बसवलेले डबे. एक डबा आवाज काढतो, दुसरा तो गाळतो, तिसरा त्याला थरथरवतो, आणि सगळे वायरींनी एकमेकांना जोडले की बिघडलेल्या मिक्सरला प्रेमभंग झाल्यासारखा सूर निघतो. आतलं सर्किट भाचा स्वतः जोडायचा. घोडं अडायचं ते पुढच्या पॅनेलपाशी, म्हणजे ज्यावर नॉब बसतात आणि वायरी खुपसतात त्या पत्र्यापाशी. तयार पॅनेल आतल्या सर्किटपेक्षा महाग. ॲक्रिलिक ड्रिल लागताच तडकायचं. बिस्किटांच्या डब्याचा पत्रा नॉब पिळला की सोबत स्वतःही पिळून घ्यायचा. प्लायवूड वापरून पाहिलं, तर फिल्टरला वाळवी लागली.

वडील गेल्यावर बऱ्याच वर्षांनी तो निवासात आला तो आत्याचं ड्रॉइंगचं टेबल न्यायला. टेबल खांद्यावर घेऊन दाराबाहेर पडला आणि दारावरच्या पाटीपाशी थबकला. नखाने पाटी वाजवली. आत्याच्या नावाकडे इतक्या मायेने आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"आत्या, ही ॲल्युमिनियमची आहे?"

"आहे. ज्याने हे निवास बांधलं त्याचा पाट्यांचा कारखाना होता."

"जाड किती असेल गं?"

"दोन एमएम. मोजलीय मी."

भाच्याने टेबल खाली ठेवलं. खिशातून टेप काढून उंची मोजली, मग पुन्हा मोजली. चौकटीच्या मापाला तंतोतंत. त्याचे डोळे भरून आले. "अशा अजून मिळतील?"

"माणसं मेली की मिळतात," आत्या म्हणाली.

खरंच तसं होतं. रहिवासी गेला की शिपाई त्याची पाटी उचकटून जिन्याखालच्या खोक्यात टाकायचा, आणि नवा माणूस नवी पाटी घेऊन यायचा. नाव एका बाजूला खोल कोरलेलं, मागची बाजू कोरी, गुळगुळीत. नाव आत, कोरी बाजू बाहेर, की झालं पॅनेल. खोक्यात तेव्हा तीनच पाट्या होत्या. भाचा त्या घेऊन गेला, आणि पुढच्या रविवारी पुन्हा आला. टेबल विसरला होता असं म्हणाला. टेबल पुन्हा विसरला.

तेव्हापासून आत्याला रविवार लागला. भाचा यायचा, खुर्ची ओढून बसायचा, पॅनेलचा नकाशा तिच्यापुढे टाकायचा. आत्या तो ट्रेसिंग पेपरवर गिरवून पाटीच्या कोऱ्या बाजूवर चिकटवायची आणि प्रत्येक भोकाच्या मध्यावर सेंटर पंचची, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याची, टिकली मारायची. घरी जाऊन त्याने नुसतं ड्रिल चालवायचं. पंचाची एकेक टिकटिक होत असताना भाचा ऑसिलेटरबद्दल बोलायचा. त्यातलं तिला अवाक्षर कळायचं नाही, पण बोलणारा माणूस तिच्या खोलीत बसून बोलायचा. शेजारणी दारातून डोकावून जळायच्या.

"कोण गं हा?"

"माझा भाचा. येतो दर आठवड्याला," आत्या म्हणायची, आणि शेजारणीच्या पाटीकडे एक नजर टाकायची.

अडचण एवढीच होती की माणसं वेळेवर मरत नव्हती. नवे डॉक्टर आले होते आणि ते मन लावून काम करत. खोकं रिकामं असलं की भाचा येत नसे, फोन करत असे.

"काही नवीन?"

"कर्नलने जेवण सोडलंय."

"अरे वा! म्हणजे रविवारपर्यंत?"

"सांगता येत नाही. हट्टी आहे."

कर्नल हा कधी लष्करात नव्हता. सिनेमाच्या थेटरात तिकिटं फाडायचा, पण मिशा तशा होत्या. चार दिवसांनी तो उठून शिरा मागायला लागला.

"बरा झाला?" भाचा फोनवर कळवळला. "असा कसा बरा झाला?"

"औषध लागू पडलं रे."

"च्च. बरं, ठेवतो."

त्या रविवारी फाटकातून कोणी आलं नाही. आत्या संध्याकाळपर्यंत खिडकीत बसली, आणि मग उठून व्हरांड्यात कर्नलच्या शेजारी जाऊन टेकली. गार वारा सुटला होता.

"एक सांगू? राग नाही ना येणार?" ती म्हणाली.

"बोला की!"

"हा स्वेटर तुम्हाला शोभत नाही. छाती झाकली जाते."

कर्नलने मिशीवरून हात फिरवला, स्वेटर काढला, घडी घालून मांडीवर ठेवला. तिथून पुढे तो रोज व्हरांड्यात नुसत्या शर्टावर बसू लागला, छाती काढून. त्याची पाटी फार सुबक निघाली, एकही ओरखडा नव्हता. आत्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटून घ्यायला सोबत भाचा होता. त्याने तिच्या पाठीवर हातसुद्धा ठेवला, आणि दुसऱ्या हाताने पाटी पिशवीत सरकवली.

मग एक दिवस भाचा हसतहसत आला. "आत्या, एवढ्या या आठवड्यातल्या पाट्यांवर टिकल्या मारल्यास ना, की संपलं बघ. चौकट भरली! कार्यक्रमाची तारीखपण मिळाली. आता तुझ्या डोक्यामागची कटकट गेली."

"कटकट कसली रे," आत्या म्हणाली.

"नाही गं, मलापण दर रविवारी इतक्या लांब यायचं म्हणजे जिवावर येतं. तुला म्हणून सांगतो."

तो चहा आणायला खाली गेला. आत्याने गिरवलेले कागद उचलले, एकेक पालथा केला, पाट्यांवर चिकटवला आणि टिकल्या मारल्या. डावीकडचं सगळं उजवीकडे गेलं. रेघ एकही हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने चूक केली होती, आणि तीही अतिशय नीटनेटकी.

अपेक्षेप्रमाणे भाचा मधल्याच वारी धावत आला. पिशवी पलंगावर उलटी केली.

"आत्या, हे बघ! सगळं आरशातल्यासारखं झालंय. एक नॉब बसत नाही!"

"अगं बाई."

"नाव बाहेरच्या बाजूला ठेवलं तर बसतं. पण मग लोक विचारणार, ही एवढी नावं कोणाची?"

"सांग, प्रायोजकांची," आत्या बोलून गेली, आणि लगेच तिने जीभ चावली.

भाचा क्षणभर खरंच विचारात पडला. मग मान हलवली. "नको. स्वच्छ दिसायला पाहिजे." तो पलंगावर बसला आणि तिच्याकडे टक लावून पाहू लागला. "आत्या, कागद पालथा लावलास तू. तुला कळलं नाही?"

इथे आत्याला दोन वाटा होत्या. मुद्दाम केलं म्हणावं, तर तो उठून जाणार आणि परत येणार नाही. कळलं नाही म्हणावं, तर ज्या हाताने शहराची सगळी गटारं गिरवली तो हात आज निकामी ठरणार. तिने हाताकडे पाहिलं. हात जराही थरथरत नव्हता. तिने तो थोडा थरथरवला.

"होतं रे असं हल्ली," ती म्हणाली. "डावं-उजवं कळेनासं होतं. आणखी पाट्या निघाल्या की आपण पुन्हा करू. सावकाश."

भाच्याने तिचा हात हातात घेतला. "तू आता काही करू नकोस," तो फार प्रेमाने म्हणाला, आणि तडक व्यवस्थापिकेच्या खोलीत गेला.

व्यवस्थापिका सगळ्यांशी 'आपण' करून बोलायच्या, त्यामुळे आजारी कोण आहे ते पटकन समजत नसे. पाच मिनिटांत त्या भाच्याला घेऊन वर आल्या आणि पलंगाशी वाकल्या.

"काय आजी, आपल्याला उलटंसुलटं दिसायला लागलं का?"

"तसं काही फार नाही हो," आत्या म्हणाली.

"म्हणजे आपल्याला ते कळतही नाही," व्यवस्थापिका भाच्याला म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंत. खाली विस्मृती विभागात एक पलंग रिकामा आहे. तिथे आपली छान काळजी घेतात. दाराला बाहेरून कडी असते."

"आणि पाट्यांचं बघा ना, मॅडम," भाचा म्हणाला. "आता हिला जमत नाही, तर मी यंत्रावरच भोकं पाडून घेतो. पण यंत्रवाला थोड्याशा कामाला हात लावत नाही. सगळ्याच पाट्या एकदम मिळाल्या तर बरं."

"सगळ्या? अहो, बरीच माणसं अजून आहेत."

"त्यांना कागदी चालेल की. आता काय, राहिलेत किती दिवस?"

व्यवस्थापिका विचारात पडल्या आणि मग त्यांचा चेहरा उजळला. कागदाची पाटी बदलायला शिपाई लागत नाही, स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही, चिकटपट्टीवर काम भागतं. दुपारपर्यंत सगळ्या मजल्यांवरची दारं उघडीबोडकी झाली. म्हातारे आपापल्या दारात उभे राहून आपलं नाव पिशवीत जाताना बघत होते. शेवटची पाटी आत्याची. भाच्याने ती स्वतःच्या हाताने काढली, कारण शिपाई ओरखडे पाडतो.

"येतो गं आत्या."

"पुढच्या रविवारी?"

"बघू ना," भाचा म्हणाला. पिशवी जड होती, दोन्ही हातांनी धरावी लागत होती, त्यामुळे हात हलवणं जमलं नाही.

आत्याला खाली नेलं. खाली खिडकी होती, पण ती भिंतीकडे उघडायची. पहिल्या रविवारी तिने फोन मागितला. व्यवस्थापिका म्हणाल्या, आपण आत्ताच केला होता की. दुसऱ्या रविवारीही त्या तेच म्हणाल्या. तिसऱ्या रविवारी आत्याने कागद आणि पेन मागितलं, ते मात्र लगेच मिळालं, कारण विस्मृती विभागात हस्तकलेला उत्तेजन दिलं जातं. तिने नकाशाखालची माहिती लिहायची त्या ठाशीव, उभ्या अक्षरांत अर्ज लिहिला. व्यवस्थापिकेने तो न वाचता, "किती सुंदर काढलंय आपण!" असं म्हणून रंगवलेल्या फुलपाखरांच्या आणि कापसाच्या सशांच्या मधोमध टाचणीने लावला. तो असा :

प्रति, मा. व्यवस्थापिका.

विषय : दारांवरील ॲल्युमिनियमच्या पाट्या पूर्ववत करण्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, निवासातील सर्व दारांवर दोन एमएम जाडीच्या पाट्या पुनश्च बसवण्यात याव्यात. यापुढे रहिवाशांनी आपल्या सोयीने न मरता क्रमाक्रमाने व दोन मृत्यूंमध्ये वाजवी अंतर राखून मरावे, अशा लेखी सूचना सर्व मजल्यांना देण्यात याव्यात. निघालेली प्रत्येक पाटी अर्जदाराच्या भाच्यास टपालाने अथवा एकगठ्ठा देऊ नये. ती त्याने रविवारी समक्ष येऊन, अर्जदाराजवळ बसून, चहाचा कप संपवून मगच न्यावी, अशी अट घालण्यात यावी. तसेच सदर क्रमात अर्जदाराचे नाव सर्वांत शेवटी ठेवण्यात यावे, ही विनंती.