उंटाच्या डोळ्यांचा दाखला

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्यालाच जाड भिंगांचा चष्मा असला, की गिऱ्हाईक हमखास हसतं. ढापण्याला त्याची सवय होती. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात त्याला हे नाव पडलं, आणि पदवी हातात आली तरी ते सुटलं नाही. त्याच्या मित्राचं नाव उंट, कारण तो वर्गात सगळ्यांपेक्षा वीतभर उंच होता. आणि दोघांवर हुकूम सोडणारी जी होती, ती सरकार.

तिघांची कॉलेजची तीन वर्षं एकाच बाकावर गेली नाहीत, पण एकाच कँटीनच्या टेबलावर गेली. पदवीनंतर ढापण्याला या दुकानात नोकरी लागली. दुकान एका बाईंचं होतं, चाळीस वर्षं डोळे तपासण्यात घालवलेल्या. समोरच बस डेपो. सरकार डेपोच्या ऑफिसात गाड्यांची वेळापत्रकं आखायची. ढापण्याचे बाबा त्याच डेपोत ड्रायव्हर होते आणि रोज जेवताना कुरकुरायचे, "तुझ्या त्या मैत्रिणीला सांग, दोन फेऱ्यांमध्ये सात मिनिटं ठेवलीत. माणसाने चहा प्यायचा की नुसता चहाकडे बघायचं?"

ढापण्या हे तिला सांगायचा. ती पोट धरून हसायची आणि सात मिनिटं सातच ठेवायची. दुपारच्या सुट्टीत ती रस्ता ओलांडून दुकानात यायची, आणि सकाळपासून ढापण्याची नजर घड्याळाकडे असायची. तिला मनातलं सांगायचं हे त्याने पक्कं केलं होतं. फक्त कधी, ते ठरत नव्हतं. आधी परीक्षा होऊ दे, मग नोकरी लागू दे, मग नोकरीत कायम होऊ दे, असं करत करत दीड वर्ष गेलं.

तेवढ्यात उंटाने बाजी मारली. कोणी ढापण्याला तसं सांगितलं नाही. एका दुपारी तिघं दुकानाच्या पायरीवर डबे खात बसले होते. खाऊन झाल्यावर सरकारने रुमाल शोधला, सापडला नाही, तेव्हा तिने न विचारता उंटाच्या बाहीला हात पुसले. उंट बोलत होता तो बोलतच राहिला. त्याने बाहीकडे पाहिलंसुद्धा नाही. ढापण्याचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. हात धरला असता तर त्याने मनाची काहीतरी समजूत घातली असती. पण बाहीला हात पुसणं!

त्या दिवसापासून त्याला सगळंच खुपायला लागलं. उंट हसला की वाटायचं, इतके दात दाखवायची काय गरज? तिने उंटासाठी बसमध्ये जागा धरली की अंगाचा तिळपापड व्हायचा. वर त्या दोघांनी त्याच्यापासून काही लपवलंही नाही. "तुला तर कळलंच असेल," सरकार म्हणाली, आणि तो म्हणाला, "हो, कधीच," आणि आत जाऊन तीच काच तीन वेळा पुसली.

उंटाला लहानपणापासून जहाजावर जायचं होतं. एका जहाज कंपनीने विज्ञानाच्या पदवीधरांना शिकाऊ अधिकारी म्हणून घ्यायचं ठरवलं आणि त्याची निवड झाली. नऊ महिने सलग समुद्रावर. बाकीची तपासणी झाली होती. डोळ्यांचा दाखला तेवढा नोंदणी असलेल्या तपासनिसाकडून आणायचा होता. ढापण्याची नोंदणी नुकतीच झाली होती. त्याच्या नावाचा रबरी शिक्का तयार होऊन महिनाही झाला नव्हता.

उंट मंगळवारी सकाळी आला. बाई बाहेरगावी होत्या. ढापण्याने त्याला आतल्या खोलीत बसवलं. लांबचं, जवळचं सगळं उत्तम. मग त्याने रंगांचं पुस्तक काढलं, रंगीत ठिपक्यांमध्ये आकडे लपवलेलं. पहिल्या पानावर बारा होते. ते सगळ्यांनाच दिसतात, उंटालाही दिसले. दुसऱ्या पानावर आठ.

"तीन," उंट म्हणाला.

"नीट बघ."

उंटाने मान वाकडी केली, डोळे बारीक केले. "तीनच आहे ना?"

पुढची पानंही तशीच गेली. काही पानांवर उंटाला आकडाच दिसला नाही. लाल आणि हिरव्यात त्याची गल्लत होत होती, चांगलीच. ढापण्याने पुस्तक मिटलं.

"मला माहीत आहे रे," उंट खाली बघत म्हणाला. "शाळेपासून. सिग्नलचा वरचा दिवा की खालचा, त्यावरून ओळखतो मी."

"समुद्रावर वरचा-खालचा नसतो. समोरच्या जहाजाचा लाल दिवा दिसला की हिरवा, त्यावरून ते कुठल्या बाजूला चाललंय ते ठरतं."

"तिथे मी एकटा थोडाच असणार? वरिष्ठ असतात, यंत्रं असतात. ढापण्या, आयुष्यात एवढंच मागितलंय मी. एक सही."

ढापण्याला नाही म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर होता. आणि त्याच क्षणी त्याच्या मनात एक आकडा आला: नऊ महिने. नऊ महिने ही बाही इथे नसेल. दुपारच्या पायरीवर दोघंच असतील, तो आणि ती.

"बघू," तो म्हणाला, आणि त्याने फॉर्म पुढे ओढला. रंगदृष्टीच्या रकान्यात 'निर्दोष' लिहिलं. खाली सही केली आणि शिक्का मारला.

उंटाने त्याला इतकी घट्ट मिठी मारली की चष्मा नाकावरून घसरला.

दुपारी सरकार धावतच आली. आकाशी रंगाचा ड्रेस, केस विस्कटलेले. चार गिऱ्हाइकांसमोर तिने ढापण्याचा हात दोन्ही हातांत धरला. "डोळ्यांचं काहीतरी अडेल म्हणून तो किती घाबरला होता. तू होतास म्हणून झालं रे." ज्या स्पर्शासाठी तो दीड वर्ष झुरला होता, तो असा मिळाला, दुसऱ्याच्या खात्यातला. त्याला हात सोडवूनही घेता येईना.

उंटाला निघायला बारा दिवस होते. ढापण्याला वाटलं होतं, हे बारा दिवस सुखात जातील. झालं उलटंच. सरकारच्या तोंडी दुसरा विषय राहिला नाही. तिकडे थंडी किती असते? लोकरीचे मोजे दोन जोड्या पुरतील का? त्याचं जहाज ज्या बंदरांना लागणार त्यांची तिने यादी केली आणि ऑफिसातल्या फळ्यावर गाड्यांच्या वेळांच्या शेजारी टाचली. उंट गेला नव्हता, तोवरच ती त्याची वाट बघायला लागली होती. ढापण्याच्या लक्षात आलं, की नऊ महिने पायरीवर दोघं बसली तरी मध्ये उंट बसलेलाच असणार, आणि तो आताच्यापेक्षा मोठा असणार. हेवा कमी व्हायच्या ऐवजी दुपटीने वाढला.

आठव्या दिवशी बाबा दुकानात आले. ड्रायव्हरांची वर्षाची डोळ्यांची तपासणी होती. गणवेश घालून ते खुर्चीत अवघडून बसले, मुलाच्या दुकानात पाहुणा बसावा तसे. ढापण्याने दिवा लावला, तक्त्याकडे बोट केलं. बाबांनी खालच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं, एका अक्षराशी अडखळले.

"चालेल, बाबा. एवढं काही नाही."

"चालेल कसं?" बाबा एकदम करड्या आवाजात म्हणाले. "पुन्हा विचार. मी तुझा बाप आहे म्हणून पुढे ढकलू नकोस. माझ्या मागे पन्नास माणसं बसलेली असतात. त्यांना माहीत नसतं मी कोणाचा बाप आहे ते."

ढापण्याने पुन्हा विचारलं. बाबा पुन्हा अडखळले. चष्म्याचा नंबर थोडा बदलला होता, बाकी काही नव्हतं. बाबा नवी चिठ्ठी घेऊन खुशीत निघून गेले. ढापण्या मात्र त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसला. उंटाच्या मागे किती माणसं असणार होती, याचा त्याने हिशेबच केला नव्हता. आणि खुद्द उंट? त्याला पाण्यात पाहता पाहता तो खरोखरच पाण्यात जाईल, हेही मनात आलं नव्हतं.

संध्याकाळच्या आत त्याने बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शिक्का तुझा आहे. पत्रही तूच लिहायचंस, आणि आजच. यापुढे दोन महिने मी शेजारी बसल्याशिवाय तू कोणाला तपासायचं नाहीस." खोटं का लिहिलं, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

पत्र पाठवून तो तसाच उंटाच्या खोलीवर गेला. सरकार बॅगेवर गुडघे टेकून बसली होती आणि उंट बॅगेची चेन ओढत होता. दोघंही हसत होती.

"अरे, ये, तू पण बस यावर. तुझं वजन कामाला येईल," सरकार म्हणाली.

ढापण्याने उभ्या उभ्या सांगितलं. उंटाला रंग ओळखता येत नाहीत, दाखला खोटा होता, तो मागे घेतल्याचं कंपनीला कळवलंय.

उंटाचा हात चेनवरच राहिला. मग तो सावकाश उभा राहिला. त्या छोट्या खोलीत तो फारच उंच दिसत होता.

"चार दिवस राहिले असताना?"

"आधीच सांगायला हवं होतं."

"आधी तू सही केलीस! आता काय झालं? आता तुला बघवेना, हेच ना?" उंटाचा आवाज फाटला. "दीड वर्ष बघतोय मी, हिच्याकडे बघताना तुझं तोंड कसं होतं ते. मला वाटलं, मित्र आहे, गिळेल. तू जळतोस, ढापण्या. आणि जळून जळून माझं घर पेटवलंस."

ढापण्याला सांगायचं होतं, की जळून केलं ती सही होती, हे पत्र नव्हे. पण असं सांगायचं म्हणजे आणखी वाईट कबूल करायचं. सरकारने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती बॅगेवरून उतरली आणि उंटाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

कंपनीने उंटाची निवड रद्द केली. डेपोत, जुन्या मित्रांत, सगळीकडे एकच बातमी झाली, की ढापण्याने पोरीपायी मित्राचा गळा कापला. बाबांच्या कानावरही गेलं. ते एवढंच म्हणाले, "लोक काय बोलतात ते ऐकलं मी. खरं काय ते तुझं तुला माहीत." पायरीवर आता तो एकटाच डबा उघडायचा आणि अर्धा तसाच मिटायचा.

दहा-बारा दिवसांनी, भर दुपारी सरकार आली. आत आली नाही, पायरीवरच बसली. तो बाहेर आला.

"मी त्याच्याशी भांडून आलेय," ती म्हणाली. "मी म्हटलं, ढापण्याने योग्य तेच केलं. रंग दिसत नसताना तू जहाजावर गेला असतास, तर मी रोज मेले असते. तो ऐकत नाही. पण मला एक कळत नाही. मुळात सही का केलीस?"

किती सोपं होतं! मैत्रीखातर, त्याचा चेहरा बघवला नाही म्हणून, काहीही म्हणता आलं असतं. ती त्याची बाजू घेऊन भांडून आली होती. उंटाशी भांडून! त्याने ते सुख क्षणभर जिभेवर ठेवून पाहिलं.

"तो जावा म्हणून," तो म्हणाला. "नऊ महिने. तू इथे असशील आणि तो नसेल, म्हणून."

समोर डेपोतून एक बस निघाली, वळली, गेली.

"आणि त्याला काही झालं असतं तर?"

"तिथपर्यंत विचार गेलाच नाही माझा. मला फक्त तू दिसत होतीस."

"मी नव्हते दिसत तुला," ती उठत म्हणाली. "मी दिसले असते, तर तू असं केलंच नसतंस." दोन पावलं जाऊन ती थांबली. "हे त्याला तू सांगायचं. मी नाही सांगणार."

हुकूम होता. त्याने तो पाळला. त्याच संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, तो उंटाच्या दारात उभा राहिला आणि बाहेरूनच सगळं सांगून टाकलं. उंटाने दार अर्धं धरून ऐकलं.

"म्हणजे पत्राने मला वाचवलंस आणि सहीने मारायला निघाला होतास."

"हो."

"आणि अजून? अजून जळतोस?"

ढापण्याने खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. "अजून."

उंटाने मान हलवली. रागाने की कशाने, कळलं नाही. "मग काही दिवस येऊ नकोस," तो म्हणाला आणि दार लावलं. आपटलं नाही, लावलं.

ते काही दिवस लांबतच गेले. उंटाला एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. सरकारने ऑफिसातली आपली सुट्टीची वेळ बदलून घेतली. रस्ता ओलांडून ती पुन्हा आली नाही, पण बाबांच्या दोन फेऱ्यांमधली सात मिनिटं दहा झाली. बाबांनी ते जेवताना मोठ्या कौतुकाने सांगितलं, आणि ढापण्या पान तसंच ठेवून पाणी प्यायला.

वर्ष सरत आलं, तेव्हा एक बाई दुकानात आल्या. उंच, किंचित वाकलेल्या. चेहरा पाहताच ढापण्याने ओळखलं: उंटाची आई.

"घराजवळ दुसरं दुकान आहे," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या, "पण तो म्हणाला, तिथेच जा. म्हणाला, आता ढापण्या मरेल पण खोटं लिहिणार नाही. तुमचं काय बिनसलं होतं रे?"

"होतं काहीतरी, काकू. माझंच चुकलं होतं."

"असू दे. पुढच्या महिन्यात दोघांचं लग्न आहे, ते कळलंच असेल तुला. म्हटलं, सुनेचा चेहरा तरी नीट दिसावा."

त्याला कळलं नव्हतं. तोच जुना हेवा उसळला, ओळखीचा, अगदी बाहीच्या दिवसासारखा. काही क्षण त्याला समोरचा तक्ता धूसर दिसला. शेजारच्या खोलीतून बाईंचा, म्हणजे मालकीणबाईंचा, कोणाशी तरी बोलण्याचा आवाज येत होता. आता त्या त्याच्या शेजारी बसत नसत.

त्याने चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि काकूंच्या डोळ्यांसमोर पहिलं भिंग धरलं.

"सगळ्यात खालची ओळ वाचा, काकू," तो म्हणाला. "सावकाश वाचा. घाई नाही."